ऑकलंड ते धुळे

धुळ्यात आमच्या देवपुरातले झुलाल आबा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षे जळगाव–धुळे. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे हे थांबे ते आजही झोपेत सांगतील. नोकरीत त्यांनी एक नियम कधी मोडला नाही. गाडी पुरती उभी राहिल्याशिवाय थांब्याचं नाव घ्यायचं नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी पारोळ्याची हाक जरा लवकर दिली होती आणि एक म्हातारी भलत्याच फाट्यावर उतरून गेली. ती पुढे घरी पोचली का, हे त्यांना कधीच कळलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी सारिका ऑकलंडला गेली, तेव्हा ते अंतर विचारायला शेजारी माझ्याकडे आले.

"बारा हजार तीनशे किलोमीटर, आबा."

त्यांनी मनातल्या मनात एसटीच्या ताशी चाळीसने भागलं. "आपला गाडीले तेरा दिवस लागतीन, अक्का."

त्यांची बायको ताईबाई ओट्यावरून ओरडली, "तुमनी येष्टी रस्तामा पंक्चर व्हयी, ते येगळंच!"

गेल्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी ताईबाईला घरी पाठवलं. आता दोन-तीन दिवस, म्हणाले. सारिकाला एकदा पाहायचं, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

तिकीट माझ्या मोबाइलवर आलं. मी ते आबांना वाचून दाखवलं आणि वेळा डायरीत उतरवल्या. रविवारी आपल्या पहाटे साडेपाचला ऑकलंडहून निघणार. सिंगापूरपर्यंत पावणेअकरा तास, तिथे दोन तास मुक्काम, मग मुंबई साडेपाच तास. पुढे मोटारीने धुळे.

आबा पलंगाशी स्टूल घेऊन बसले. ताईबाई मधूनमधून डोळे उघडायची आणि पोर आली का विचारायची.

"उनी का?"

"नाही. समुद्रवर शे."

"आते?"

"अजून समुद्रच शे."

सव्वाचारला सारिकाचा मेसेज आला. मी मान हलवली, तेव्हा कुठे आबांनी जुन्या खणखणीत आवाजात हाक दिली, "सिंगापूर!"

ताईबाई हसली. "तिकीट काढं का तिनी?"

सोमवारी सकाळी सहाला सारिकाने मालेगाव सोडल्याचा फोन केला. म्हणजे अजून एक तास. ताईबाईचा श्वास तोंडाने चालला होता. मध्येच थांबायचा, आम्ही दोघे वाकायचो, मग पुन्हा सुरू व्हायचा.

"उनी?" तिने विचारलं. ओठच हलले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी अजून वाटेतल्या झोडग्यालाही पोचली नसेल.

आबांनी तिचा हात हातात घेतला. "उनी," ते म्हणाले. "धुळं उनं. पोर उतरनी."

ताईबाईने दाराकडे मान वळवली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यानंतरचा श्वास आला नाही.

डायरीत मी ६.१२ लिहिलं.

सात वाजता सारिका दारात उभी राहिली. बॅगेला विमानाची पट्टी तशीच होती. ती धावत पलंगापाशी गेली. आबा स्टुलावरून उठले नाहीत. ताईबाईचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

"मी हाक लवकर दिधी, पोरी," ते म्हणाले. "ती उतरी गई."