देवीच्या कुंकवाखालचा बोल्ट

तीन महिने मी देवीवर रुसून होतो, हे आज सांगायला लाज वाटते. माझा चिरे वाहणारा ट्रक जुना, पण तोवर कधी अडला नव्हता. मग चावी फिरवली की सेल्फ नुसता 'टक' करी आणि गप्प बसे. बॅटरी नवी घातली, सेल्फ दोनदा खोलून घेतला, चावीचा स्विच बदलला. दोन दिवस बरे जात, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी मुंबईच्या मुलाने निक्षून सांगितलं, "बाबा, गाडी भंगारात द्या आणि आमच्याकडे या." बायको गेल्यापासून मी घरात एकटाच. गाडी गेली की घराला कुलूप लागणार, हे मला कळत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

भक्तीत तर मी काही कमी केलं नव्हतं. दर अमावास्येला बॅटरीच्या पेटीपाशी नारळ फोडायचा, पाणी तिथेच ओतायचं, वर हळदकुंकू. वर्षानुवर्षांचा तो लाल थर मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत असे. एवढं करून हेच फळ का, असं मी ग्रामदेवीला देवळात उभा राहून विचारलंसुद्धा. ती काय बोलणार! एका सोमवारी सकाळी मात्र दमलो. "आता तुझं तू बघ," असं म्हणून हात जोडले आणि गाडी भंगारवाल्याकडे न्यायला निघालो. त्या दिवशी ती मुकाट सुरू झाली. हातखंब्याला चहासाठी थांबलो, गाडी बंद केली, आणि ती बंदच राहिली.

टपरीच्या बाकावर मिरकरवाडा बंदरावरची एक वयस्क मासेवाली मासे विकून झालेली पाटी घेऊन एसटीची वाट बघत बसली होती. तीनदा 'टक' ऐकून ती उठून आली.

"दिवे लाव आणि मग चावी मार बघू," ती म्हणाली. मी तसं केलं. आधी लख्ख लागलेले दिवे चावी मारताच पार मंदावले.

"बॅटरी नाय मेली तुझी. आमच्या लाँचवर असंच व्हायचं. अर्थिंगच्या तारेला खार धरला, की इंजिन मुकं. माझा घोव ती जागा घासायचा नुसती."

ती वाकून तार शोधत गेली आणि कुंकवाच्या थरापाशी थांबली. तार चॅसीला जिथे आवळली होती, तो बोल्ट त्या थराखाली होता. तिने पाटीतून सुरी काढली. मी हात आडवा घातला.

"मावशी, तिथं देवीची पूजा असते. आज सोमवार, आणि ही माशाची सुरी..."

ती रागावली नाही. "दर्यावरच्यांची देवी नाय काय रे ती?" म्हणून हसली. "तुझी गाडी, तूच सांग. घासू का नको?"

मी ओशाळलो. सकाळी सगळं देवीवर सोपवून निघालेला मी, दुपारच्या आत तिला अटी घालत होतो. पाना काढला, बोल्ट ढिला केला आणि म्हटलं, "घासा."

कुंकवाखाली सगळा गंज होता. नारळाच्या पाण्याने तार हिरवी पडून पोखरली होती. मीच ओतलेलं पाणी, माझ्याच हाताने लावलेलं कुंकू. तिने लोखंड चकचकीत होईपर्यंत खरवडलं, मी तार साफ करून बोल्ट घट्ट आवळला. पहिल्याच चावीला इंजिन धडधडलं.

ती कोण होती, कुणी पाठवली, याचा खल मी करत नाही. एवढंच म्हणतो, की मी मागितलं होतं देवीच्या हातून, आणि आलेला हात माझ्या पसंतीचा नव्हता म्हणून तो जवळजवळ परत पाठवत होतो. सोपवणं म्हणजे पसंती सोडणं, हे मला इतक्या वर्षांच्या पूजेत उमगलं नव्हतं.

मी ट्रकमधूनच मुलाला फोन लावला. "मी येत नाही रे," एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. तेवढ्यात तिची एसटी आली. नाव विचारायला खाली उतरलो, तर मावशी पाटी सावरत आत चढलीही होती. भर हमरस्त्यावर, एसटी वळणाआड जाईपर्यंत, मी हात जोडून उभा राहिलो.