पदवीधर पोरीच्या आईचं रेशन

भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बोट दाखवून तो आईला म्हणाला, "काय वं बाई, पोरगी ग्रॅज्युएट अन् तुले फुकटचे तांदूळ पाहिजे?"

तो पुरवठा विभागाचा निरीक्षक. आई त्याच्या आईच्या वयाची. हुडकेश्वरच्या आमच्या वस्तीत तो अपात्र रेशनकार्डं शोधत फिरत होता. वरून नावं कमी करायला सांगितलंय, हे रेशन दुकानदारानं आधीच ऐकवलं होतं. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या.

फोटोत मी पदवीदानाचा काळा झगा घालून उभी. घराण्यातली पहिली पदवीधर. बाबा गेल्यावर आम्ही पारशिवनी सोडून इथं आलो. आई रामदासपेठेत तीन घरची भांडी घासते. त्यातून भाडं निघायचं, माझी फी निघायची. पोट रेशनवर. त्या तांदळावर मी शिकले. सांगायला लाज नाही.

आईनं फोटो खिळ्यावरून काढला. गादीखाली सरकवला.

"ते नापास झाली, साहेब. झगा भाड्यानं भेटते."

माझा निकाल लागला तेव्हा तिनं याच बायकांना पेढे वाटले होते.

तो हसला. "मग लाव न तिलेबी भांड्याले."

आईनं डोळ्यांनी मला गप राहायला सांगितलं. मी राहिलेही असते. नोकरी नव्हती, तांदूळ हवे होते. पण त्याच्या विनोदावर आईही हसली. ते मला सहन झालं नाही.

पेटीतली पदवी काढून मी त्याच्यापुढे धरली. "पास झाली मी. फर्स्ट क्लास. पोरगी शिकली म्हणून मायचं धान्य बंद, हे कोणत्या नियमात आहे? लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं नाही. आमच्या नावावर फुली मारली.

पुढच्या महिन्यात धान्य आलं नाही. तिसऱ्या दिवशी आईनं चौथं घर धरलं. आता सकाळी नुसता चहा पिऊन जाते. विचारलं तर म्हणते, भूक नाही.

पारशिवनीच्या शाळेत गुरुजींनी अर्ज लिहायला शिकवलं होतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मी अपील लिहिलं. मग दारातल्या त्या बायका एकेक करून आल्या. त्यांचीही नावं कापली होती. एकीच्या घरात फ्रिज दिसला म्हणून. मालकिणीनं टाकून दिलेला, बंद पडलेला. ती त्यात कपडे ठेवते. सगळ्यांची अपिलं मी लिहिली. त्यानं ज्याला जे म्हटलं, ते शब्दही जसेच्या तसे लिहिले.

परवा त्यानं मला कचेरीच्या जिन्यात गाठलं. हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं कार्ड चालू करून देतो. बाकीच्यांचं सोडा न."

मी तेही लिहिलं. त्याच दिवशी त्याच्या वरिष्ठांच्या टेबलावर दिलं, पोच घेतली.

आईचं धान्य मी घेणारच. वस्तीतल्या सगळ्यांबरोबर घेणार. त्यानंतरही थांबणार नाही. त्याची चौकशी लागेपर्यंत लिहीन. त्याची बदली झाली तर तिथल्या कचेरीत लिहीन. त्यानं आईचे पाय धरले तरी लिहीन.