खानाचं मरण

गेल्या दशकातल्या एका गणेशोत्सवात मी भर रंगमंचावर खानाला त्याच्या भाषणाआधीच मारलं. नाटक मीच लिहिलेलं, राजा मीच, त्यामुळे प्रॉम्प्टरवर ढकलायचीही सोय नव्हती.

खान म्हणजे बापू पाटील. विचुंबे गावचा. न्हावा शेव्याच्या बंदरात त्याचे ट्रेलर चालत. आमच्या नाट्यमंडळाचा सेट वाहायला गाडी दिली म्हणून कौतुकानं त्याला एक भूमिका दिली, आणि तिथेच माझं राज्य बुडालं. एरवी ‘हाय-नाय’ बोलणारा हा माणूस दाढी चिकटवली की असा अदबशीर उर्दू-मराठी बोलायचा, की मखमलीचा अंगरखा भाड्याचा वाटत नसे. मी शाळेत इतिहास शिकवायचो. माझा राजा दरबार भरवतोय की हजेरी घेतोय, असा प्रश्न माझ्या बायकोलाच पडायचा.

त्यात माझा मूर्खपणा असा की, नाटकातलं सगळ्यात सुंदर भाषण मी खानाला लिहून दिलं होतं. राजा त्याच्या छावणीवर छापा घालतो, खान कोसळतो आणि मरता मरता म्हणतो, “राजे, तोफा तुमच्या, हत्ती तुमचे. पण माझ्या तंबूत एक चितारी बसला आहे, त्याला हात लावू नका. आज कोण कसं लढलं, हे उद्या तोच सांगणार आहे.” आदल्या वर्षी या मरणाला वन्समोअर मिळाला होता. बापू उठला, अंगरखा झटकला आणि पुन्हा मेला. मी शेजारी तलवार धरून उभा, बसस्टॉपवर छत्री धरून उभं राहावं तसा.

“बापू, रोज नवीन कसं मरतोस रे?” मी एकदा विचारलं, शक्य तितक्या निर्विकारपणे.

“जगनं कोनालाबी जमतं मास्तर,” तो मावा चोळत म्हणाला. “मराला तालीम लागते.”

म्हणून त्या रात्री घायाळ खानानं भाषणासाठी छातीला हात लावायच्या आतच मी आणखी एक वार केला. बापू निपचित पडला. मी विजयी मुद्रेनं प्रेक्षकांकडे वळलो, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: तिसऱ्या अंकात तो चितारी दरबारात येऊन विजयाचं चित्र काढतो. भाषणच झालं नाही, तर तो जिवंत राहिला कशाला? विंगेत कुंचला घेऊन उभे असलेले कुलकर्णी माझ्याकडे हताशपणे बघत होते.

इतक्यात कुणीतरी माझा घोटा धरला. खाली खान एक डोळा उघडून बघत होता.

“राजे,” तो खणखणीत आवाजात म्हणाला, “घाईत केलेल्या वारानं खान मरत नसतो.”

मांडव कोसळायचा बाकी राहिला. मग तो कोपरावर रेलला, सावकाश सगळं भाषण केलं आणि दुप्पट डौलानं मेला. वन्समोअर अर्थातच मिळाला. आत आल्यावर मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. त्यानं नुसता खांद्यावर हात ठेवला. “मास्तर, नाटक तुमचंच हाय. माज्यावर कशाला जळता?” या वाक्यानं मी आणखीच जळलो.

खरा मेला तेव्हा त्यानं तालीम केली नाही. बंदराच्या गेटाबाहेर ट्रेलरच्या रांगेत, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि गेला. भाषण नाही, काही नाही.

पुढच्या गणपतीत त्याच्या आठवणीसाठी तेच नाटक लावलं आणि खान मी झालो. दुसरं कुणी तयार नव्हतं, असं मी सर्वांना सांगितलं. दोन महिने घरात सतरंजीवर पडून मरणाची तालीम केली. प्रयोगात एकही शब्द चुकलो नाही. मेल्यावर वन्समोअरची वाट बघत डोळे मिटून बराच वेळ पडून राहिलो. शेवटी पडदा ओढणाऱ्यालाच दया आली.

पहिल्या रांगेत बापूची बायको बसली होती. प्रयोग संपल्यावर ती मुद्दाम आत आली. मी दाढी काढत नम्रपणे उभा राहिलो.

“मास्तर,” ती म्हणाली, “आमचा मानूस मराचा तवा वाटाचं, उठावा यानं. तुमी मेलाव तवा वाटलं, आता उठू नका.”