बाभळीमागची मेंढरं

भुजंगच्या हातात दोन बाटल्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्हीवर मेंढराचं चित्र. एकीतलं औषध जंतांसाठी पाजायचं आणि दुसरीतलं गोचिडांसाठी पाण्यात मिसळून अंगाला लावायचं. कोणती कशाची ते पालमच्या दुकानदाराने नीट समजावून सांगितलं होतं. पण एसटीच्या धक्क्यांत पिशवीतल्या बाटल्या उलट्यापालट्या झाल्या आणि भुजंगच्या डोक्यातलंही सगळं कालवलं गेलं. तरी त्याला काळजी नव्हती. घरात चौथीत शिकणारी लेक होती. त्याने अर्पिताला हाक मारली.

अर्पिताने बाटलीवर बोट ठेवलं आणि त्या मोठ्या मराठी अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली.

“औषध,” ती म्हणाली.

“ते मला बी कळतंय. पाजायचं कोणतं?”

तिने मान खाली घातली. चुलीपुढे बसलेल्या कासाबाईने लेकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. “दमानं वाच की बाई,” ती म्हणाली. अर्पिताने दमानं घेतलं, बाटली फिरवून बघितली, उजेडात धरली. अक्षरं काही बोलली नाहीत. तिचे डोळे भरून आले तेव्हा भुजंगने बाटल्या काढून घेतल्या आणि कोनाड्यात ठेवून दिल्या. त्या दिवशी मेंढरं तशीच राहिली.

भुजंगला स्वतःला वाचता येत नव्हतं, याचं त्याला कधी दुःख नव्हतं. जन्म मेंढरांमागे गेला. पावसाळा संपला की कळप गोदाकाठच्या रानांत न्यायचा, खतासाठी शेतकऱ्यांच्या वावरात बसवायचा, उन्हाळ्यात परत यायचं. बायको-पोरं सोबत. सहीसुद्धा तो शिकला तो शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाल्यावर. हे अध्यक्षपदही त्याने मिळवलेलं नव्हतं, गळ्यात पडलेलं होतं. गावातल्या चार पैसेवाल्यांची पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेला जात होती. उरली ती मेंढक्यांची आणि मजुरांची. अध्यक्ष पालकांतलाच लागतो म्हटल्यावर सगळ्यांनी भुजंगकडे बोट दाखवलं, कारण त्या दिवशी नेमका तो गावात होता.

पण गळ्यात पडलेलं काम त्याने जीव लावून केलं. शाळेला रंगाचा निधी आला तेव्हा तो स्वतः शिडी धरून उभा राहिला. वर्गांच्या भिंती आगगाडीच्या डब्यांसारख्या रंगवल्या, दारं डब्याची दारं झाली, वर ‘पूर्णा–परभणी’ अशी पाटी आली. नंतर भिंतीएवढा टीव्ही आला. वीज असली की तो चाले, नसली की त्यावर कासाबाईने दिलेलं जुनं लुगडं पांघरलेलं असे. सरकारकडे पैसा नाही असं म्हणायची सोयच नव्हती. पैसा येत होता, पण आपली वाट आधीच ठरवून येत होता. रंगाचा रंगालाच, पडद्याचा पडद्यालाच. शुभदा मॅडम दरवर्षी लिहून एक शिक्षक मागायच्या आणि दरवर्षी शाळेत काहीतरी नवीन चकचकीत येऊन पडायचं. चार वर्गांना त्या एकट्याच होत्या.

बाटल्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच भुजंग शाळेत गेला. मॅडम पहिलीला फळ्यावर काहीतरी देऊन तिसरीकडे वळत होत्या.

“मॅडम, माझ्या पोरीला वाचता येईना. चौथीत हाय ती.”

शुभदा मॅडम खडू हातात घेऊन थांबल्या. त्यांनी काही लपवलं नाही. “मला माहीत आहे, भुजंगभाऊ. तिचं सगळं पाठ आहे, वाचन नाही. अशी बरीच मुलं आहेत. मेंढरांमागे जाऊन आली की मागचं विसरलेली असतात, आणि त्यांना वेगळं घेऊन बसायला माझ्याकडे वेळच उरत नाही. दुसरं माणूस हवं. टीव्ही कुणाला जवळ घेऊन बसत नाही.”

हे बोलणं भुजंगच्या मनात रुतलं. संध्याकाळी पारावर दिनकरराव भेटले. गावातली मोठी शेती त्यांची, नातू पिवळ्या गाडीतला. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एवढा पैसा ओतला सरकारनं त्या शाळंत, तरी पोरायला येईना. म्हंजी खोट पोरांतच हाय.” लोक हसले. भुजंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रंगवलेली आगगाडी समोरच दिसत होती.

म्हणून समितीच्या पुढच्या बैठकीत मॅडमनी जेव्हा सांगितलं, की तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत, मुलांना वाचायला लावतील आणि त्यावरून जादा शिक्षक कोणत्या शाळेला द्यायचा ते ठरणार आहे, तेव्हा भुजंगचे कान टवकारले. मॅडम पुढे समजावून सांगणार तोच त्यांचा फोन वाजला. मतदार यादीच्या कामाला तातडीने बोलावलं होतं. “सगळी मुलं हजर राहतील एवढं बघा,” असं दारातून सांगून त्या स्कूटी काढून गेल्या.

आता भुजंगला जे उमगलं ते त्याच्या धंद्यातलं होतं. मेंढरं घ्यायला व्यापारी येतो तेव्हा कोणताही मेंढका लंगडी, खोकणारी, हडकलेली जनावरं पुढे ठेवत नाही. ती ओढ्याकाठच्या बाभळीमागं हाकलायची आणि धष्टपुष्ट तेवढी समोर उभी करायची. यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नाही. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असतं, तो हसतहसत विचारतोच, “बाभळीमागं काय हाय, ते दाव की.” चांगल्या मालाला चांगला भाव. शेजारच्या गावच्या शाळेला सुंदर शाळेचं बक्षीस मिळालं आणि वर सौर दिवेही मिळाले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. सरकार देतं ते चमकणाऱ्यालाच, हा धडा त्याला सरकारनेच दिला होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी तो घरोघर फिरला. कुणाला येतं, कुणाला येत नाही हे पोरांनाच विचारलं, ती खरं सांगतात. ज्यांना येत नव्हतं त्यांना त्याने कळपासोबत ओढ्याकडे लावून दिलं. अर्पिताच्या हातात काठी दिली आणि म्हणाला, “आज तू बग मेंढराकडं.” ती काठी घेऊन चालू लागली.

साहेब आले, आगगाडी पाहून खूश झाले. मॅडमनी अर्धे रिकामे वर्ग पाहिले आणि भुजंगकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, “काही आजारी हायत, काही रानात गेल्यात.” मॅडम साहेबांना म्हणाल्या, “सर, बरीच मुलं आज नाहीत. दुसऱ्या दिवशी घेता आलं तर बरं.” साहेब घड्याळ बघत म्हणाले, “आहेत त्यांचंच घेतो. अजून शाळा करायच्यात.” मुलांनी धडाधड वाचलं. भुजंग दारात उभा राहून ऐकत होता आणि त्याची छाती भरून येत होती. बाभळीमागं काय आहे, हे साहेबांनी विचारलं नाही.

निकाल आला. शाळा ‘प्रगत’ ठरली. पारावर दिनकररावांनीही भुजंगची पाठ थोपटली. तो तसाच शाळेत गेला.

“मॅडम, मास्तर कदी यायलाय मग?”

शुभदा मॅडमनी टेबलावरच्या वह्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, “येणार नाही, भुजंगभाऊ. जिथली मुलं मागे आहेत, त्याच शाळेला जादा शिक्षक होता. आपली पुढे आहेत, असं दिसलं ना त्यांना. नदीपलीकडच्या गावाला दिला.” वही मिटत त्या म्हणाल्या, “मी त्या दिवशी पूर्ण सांगायला हवं होतं.”

जन्मात भुजंगने पुष्कळ व्यापारी पाहिले होते, पण लंगडं मेंढरू बघून जास्त देणारं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नव्हतं.

पालमच्या मंगल कार्यालयात प्रगत शाळांच्या अध्यक्षांचा सत्कार झाला. शाल, नारळ, काचेत बसवलेलं प्रमाणपत्र. फोटो झाल्यावर लोक जेवायला वळले तेव्हा भुजंगने त्याच साहेबांना गाठलं आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं. “साहेब, आमची शाळा पुढं न्हाई. ज्यायला येत न्हाई ती पोरं मी रानात दडवली हुती. माझी सोताची बी. तुमी परत या, आमी सगळी हजर करताव. मला काय शिक्षा करायची ती करा.”

साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्याला बाजूला नेलं, पाण्याचा ग्लास दिला. “बाबा, माहिती वर गेली. शिक्षक नेमला गेला. आता पुढच्या वर्षीच्या तपासणीला बघू.” पुढच्या वर्षी अर्पिता या शाळेत नसणार होती. पाचवीला फाट्यापलीकडच्या शाळेत जायचं होतं, तिथे वाचता येतं असंच धरून शिकवतात. भुजंगने हे सांगायला तोंड उघडलं, तोवर साहेबांना कुणीतरी हाक मारली.

घरी आल्यावर कासाबाईने प्रमाणपत्र हौसेने कोनाड्याच्या वर खिळ्याला टांगलं आणि ते सरळ करू लागली. खाली त्या दोन बाटल्या अजून तशाच होत्या. अर्पिता काचेतल्या सोनेरी अक्षरांकडे बघत उभी राहिली. भुजंगला तिच्याकडे बघवेना. शेवटी तोच म्हणाला, “त्या दिशी तुला रानात लावलं बग मी. तुझ्या भल्याचंच वाटलं हुतं मला, माय.”

“मला कळालं हुतं,” अर्पिता म्हणाली. “व्यापारी आल्यावर लंगडी मेंढरं बाभळीमागं मीच नेती की.”

आवाजात राग नव्हता. तिने मान वर केली आणि विचारलं, “पाचवीच्या शाळंत साहेब आले की तवा बी मीच रानात जायचं का, बाबा?”

कासाबाईचा हात खिळ्यावरच थांबला. भुजंगने डोक्याचा पटका काढून तोंडाला लावला आणि लेकीसमोर हमसून हमसून रडला.