यूदोनच्या नावाची वाटी

मक्याच्या शेतात फळ्या ठोकून, वरून माती लिंपून यूदोन मो-लाचं माहेर उभं केलं होतं. मो-ला म्हणजे आजी. कर्नाटकातल्या बायलाकुप्पेच्या आमच्या तिबेटी कॅम्पात लहानथोर सगळे तिला याच नावानं हाक मारतात. रिग्झिन इथेच जन्मलेला, शहरात जाऊन सिनेमा शिकलेला. आता तो मो-लाच्या लहानपणावर सिनेमा काढत होता.

ल्हासाकडे गोळ्या झडू लागल्या, तेव्हा चिमुरड्या यूदोनला मामाबरोबर डोंगरापलीकडे धाडलं होतं. आई मागे राहिली, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपाशी. आज तोच निरोपाचा प्रसंग घ्यायचा होता. कॅम्पातल्या शाळेतली सेलडोन छोटी यूदोन झाली होती. शाळेच्या बाई आई झाल्या होत्या.

बाईंनी लोणी-मिठाचा चहा लाकडी वाटीत ओतला. सेलडोननं तो गटागटा संपवला, ओठ पुसले आणि दाराकडे पळाली.

"कट! वा, सेलडोन!" रिग्झिन ओरडला.

मो-ला खुर्चीतून उठली. "वा काय वा? वाटी रिकामी केली की हिनं!"

"मग? चहा पिण्यासाठीच असतो ना, मो-ला?"

"निघताना नाही. दोन घोट घ्यायचे. मग आईनं वाटी काठोकाठ भरायची आणि झाकून ठेवायची. ज्याची वाटी भरलेली, त्याला परत यावंच लागतं. तुझ्या आईनं नाही का कधी भरली?"

"मी निघालो तेव्हा आई बॅगेचं वजन करत होती."

"म्हणूनच असा रिकामा हिंडतोस."

कॅमेऱ्यामागची पोरं फिसकन हसली. सेलडोनचा चेहरा मात्र पडला. "चांगला झाला होता, म्हणून संपवला," ती म्हणाली.

"तुझं काही चुकलं नाही गं, बाळ," मो-ला तिला म्हणाली.

रिग्झिननं आभाळाकडे पाहिलं. "उजेड चाललाय, मो-ला. असंच राहू दे ना. किती सहज प्यायली पोरगी! बघणाऱ्यांना कुठे कळणार आहे?"

"मला कळेल." मो-लाच्या हातातली जपमाळ थांबली. "आई गेल्याचं कळलं तेव्हासुद्धा मी म्हटलं, वाटी आहे अजून. त्या वाटीवर मी दिवस काढलेत रे. आणि तू ती सगळ्यांदेखत उपडी करणार?"

रिग्झिननं चहा पुन्हा गरम करायला सांगितला.

पण बाई ओतायच्या त्या हॉटेलात ओतल्यासारख्या. शेवटी मो-लानंच त्यांच्या कमरेचं पट्ट्यापट्ट्यांचं एप्रन सोडलं आणि स्वतः बांधलं. "माझे नुसते हात घे," ती रिग्झिनला म्हणाली.

सेलडोननं दोन घोट घेतले. मो-लानं वाटी अशी भरली की चहा काठावर थरथरला, पण थेंब सांडला नाही. झाकण ठेवलं. पोरीचा गळपट्टा सारखा केला.

"मामाचा हात सोडू नकोस. मागे वळून बघू नकोस."

"येते, अमा-ला."

"ये. चहा आहे तुझा."

पुढे सेलडोननं दाराबाहेर जायचं होतं. पण मो-लानं तिचा हात सोडलाच नाही. कॅमेरा चालूच राहिला. कट म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी सेलडोननंच हळूच हात सोडवून घेतला आणि ती बाहेर पडली. एकदाही वळली नाही.

संध्याकाळी सुतारांनी भिंती उतरवल्या. मक्यात उरली नुसती चूल, तिच्यापाशी झाकलेली वाटी आणि कुत्रं हाकत बसलेली मो-ला.

"चल घरी," रिग्झिन म्हणाला. "वाटी मी आणतो."

"सांडशील."

"नाही सांडणार."

दोन्ही हातांत वाटी धरून, पाऊल चाचपत, तो तिच्यामागून चालत आला. तिनं ती चुलीशेजारी ठेवायला लावली.

सकाळी देवापुढे पाण्याच्या वाट्या मांडून, दिवा लावून मो-लानं चहा घुसळला. झाकण उचललं, तर लोणी गोठून वर पांढरी साय धरली होती. शिळा चहा तिनं तुळशीसारख्या जपलेल्या झेंडूच्या बुंध्याशी ओतला, आणि ताज्या चहाची पहिली धार त्याच वाटीत धरली. काठोकाठ. झाकण ठेवता ठेवता तिचा हात थांबला.

आईसुद्धा रोज सकाळी हेच करत असणार. रोज नवा चहा. आजवर तिच्या डोळ्यांपुढे नुसती वाटी यायची. ती भरणारे हात आज पहिल्यांदा दिसले.