रात्रीचं जेवण कोणाबरोबर?

माझी सून कोरियातल्या म्हाताऱ्यांचा अभ्यास करते. त्यांना भेटत नाही हं. तिकडच्या आरोग्य-पाहणीचे आकडे तिच्या लॅपटॉपवर येतात, आणि कोण किती मीठ खातं, कोण किती चालतं, कोणाला झोप लागत नाही, यातून काय दिसतं ते ती शोधते. मी नागपूरला शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे थोडंफार मला समजतं. नाही समजलं तर विचारते. मास्तरणीची खोड, जात नाही.

एका शनिवारी किराणा आणायला निघालो होतो. गाडी चालवता चालवता ती म्हणाली, "आई, जे रोज रात्री एकटे जेवतात ना, त्यांच्यात डिप्रेशन जास्त दिसतंय. आणि घरात माणसं असून एकटे जेवतात, त्यांचं तर वाचवत नाही मला."

"एकटं जेवल्यामुळे होतं का ते?"

"तसं नाही म्हणता येत. नुसता संबंध दिसतो." मग हसली. "आणि गंमत म्हणजे, सून समोर बसलेली असली की या आज्या खरं बोलतच नाहीत. म्हणतात, आम्ही सगळे एकत्र जेवतो. म्हणून त्यांना एकट्यांना बसवून विचारावं लागतं."

इथे अमेरिकेत, आमच्या अ‍ॅशबर्नला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती आहेत. मी त्या बघत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण गाडी ती चालवत होती.

माझं जेवण सातला. शुगरची गोळी घेतली की ताटावर बसावंच लागतं. मुलगा त्या वेळी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असतो, सून नातीला सॉकरला घेऊन गेलेली असते. नात आली की बाऊलमध्ये पास्ता घेऊन सोफ्यावर बसते. "हाय आजी, आय अ‍ॅम सो टायर्ड," म्हणते आणि टीव्ही लावते. वाईट कोणी नाही हो. माझी औषधं, डॉक्टर, थंडीचे बूट, सगळं वेळेवर असतं. फक्त इथे आल्यापासूनच्या चार वर्षांत, सणवार सोडले तर, मला कोणी "वाढू का अजून?" असं विचारलेलं नाही. हे गेल्यानंतर नागपूरच्या घरीसुद्धा मी एकटीच जेवायची, पण तिथे शेजारीण वाटीत काहीतरी घेऊन डोकावायची.

दोन घरं सोडून एक कोरियन बाई राहते, माझ्याच वयाची, लेकीकडे. आम्ही दुपारी चारला चालायला जातो. दोघींच्या मिळून वीस-पंचवीस इंग्रजी शब्दांवर आमची मैत्री चालते. भेटली की आधी विचारणार, "यू ईट?" आणि मी म्हणणार, "येस, येस." उपाशी असले तरी. विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

पुढे सुनेच्या ऑफिसने इथे अमेरिकेतल्या कोरियन म्हाताऱ्यांनाही तेच प्रश्न विचारायचं ठरवलं. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. "आई, उत्तरं द्या ना जरा. किती मिनिटं लागतात ते बघायचंय." तिने फोनवर वेळ लावली आणि इंग्रजी प्रश्न मराठीत करून विचारायला लागली. लोणचं किती खाता? आठवड्यातून किती दिवस चालता? मला मजा वाटत होती. इतकी माझी चौकशी बऱ्याच दिवसांत कोणी केली नव्हती.

"रात्रीचं जेवण बहुतेक कोणाबरोबर?"

मी म्हटलं, "घरच्यांबरोबर."

झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं कागदावर कशाला आणायचं? पण खरं सांगते, मला वाटलं होतं की ती मान वर करेल. निदान ती तरी. तिनेच तर सांगितलं होतं मला, आज्या कशा बोलतात ते. तिने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. शेवटी म्हणाली, "अकरा मिनिटं. परफेक्ट!"

मला राग आला. तिचा कमी, माझा जास्त.

महिन्याभराने माझ्या मैत्रिणीची पाळी आली. कोरियन बोलणारी एक मुलगी तिच्या घरी येऊन, दार लावून, प्रश्न विचारून गेली. दुसऱ्या दिवशी चालताना ती मध्येच थांबली, एक बोट वर केलं आणि म्हणाली, "डिनर. आय से, अलोन." मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "डॉटर नॉट नो."

घरोघरी मातीच्या चुली, बाई! इतकं मोठं घर तिच्या लेकीचं, आणि तिथेही हेच.

तिने माझ्याकडे बोट केलं. "यू?"

"फॅमिली," मी म्हटलं. तिच्याशीसुद्धा खोटं बोलले. ती मान डोलावून "गुड, गुड" म्हणाली आणि त्या "गुड"ने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला माझ्यासारखे वीसच शब्द येतात तिने खरं सांगितलं, आणि मुलांच्या चुकांवर जन्मभर लाल फुल्या मारणारी मी!

घरी येईपर्यंत ठरवलं, उत्तर बदलून घ्यायचं. सून त्या दिवशी घरूनच काम करत होती. नातीला घेऊन निघायच्या घाईत बाटली भरत होती.

"अगं, तू माझी उत्तरं घेतली होतीस ना, ती आहेत का?"

"कुठली? ती टेस्टची? ती लगेच डिलीट केली, आई. का हो?"

"एक उत्तर चुकलं होतं माझं."

ती थांबली नाही, बुटात पाय घालत हसली. "अहो, चुकू द्या. तुमचं कुठे धरलंय त्यात!"

दार लागलं. गाडी गेल्याचा आवाज आला. वर मुलगा कोणाशी तरी मोठ्याने बोलत होता. मी गोळी घेतली, सातला ताट वाढून घेतलं आणि जेवले.