साडूंचा हँडऑफ

जगातली सगळी भांडणं दोन माणसांनी एकमेकांच्या हातात वस्तू नीट न दिल्यामुळे होतात, असं मानणारा एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटला आणि तो नेमका माझा साडू निघाला. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं अबुधाबीत एकाच तेल कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो. ड्रिलिंगमधल्या कुणा अमेरिकनाने त्यांना आपल्या देशातल्या फुटबॉलची व्हिडिओ कॅसेट दिली आणि मूळचा हा कबड्डीपटू कामातूनच गेला. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू घेऊन मागे येतो आणि एक तर लांब फेकतो, नाही तर शेजारून सुटलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी ठेवतो. त्या पळणाऱ्याने तो दोन्ही हातांनी दाबून गर्दीत घुसायचं. हे देणं म्हणजे हँडऑफ. "देणाऱ्याने ठेवायचं, घेणाऱ्याने हिसकायचं नाही," साडू सांगत. "आणि चेंडूकडे बघायचं नाही, समोर बघायचं. ट्रस्ट, साहेब, ट्रस्ट!"

हा ट्रस्ट त्यांनी घरातही लागू केला. मेव्हणी पोळ्यांचा डबा घेऊन आली की हे एक कोपर वर, एक खाली धरून, नजर थेट बाल्कनीकडे लावून तिच्या शेजारून धावत. एकदा डब्याऐवजी आमटीचं पातेलं आलं. बनियन निथळत असतानाही ते शांतपणे म्हणाले, "चूक क्वार्टरबॅकची." मेव्हणीने त्या दिवशी अबोला धरला. सुपरमार्केटमध्ये कलिंगड देणाऱ्या मलबारी माणसाला "यल्ला हबीबी, चलो, पेट पे रखो!" असं सांगून त्यांनी घेतलेली धाव अंड्यांच्या ट्रेपाशी संपली. कलिंगड मात्र शाबूत होतं, हे ते आवर्जून सांगत.

थंडीतल्या कंपनी पिकनिकला ड्रिलिंगवाल्यांशी सामना त्यांनीच ठरवला आणि मला क्वार्टरबॅक केलं. "तुम्ही उंच आहात, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. आणखी काय लागतं?" दर शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमागच्या वाळूत आमची तालीम चाले. धरून पाडायला बंदी होती. कमरेची पट्टी ओढली की गडी थांबला, चेंडू घेऊन टोकाची रेघ ओलांडली की गुण, एवढाच नियम.

सामन्यात साडूंनी कमाल केली. मी चेंडू त्यांच्या पोटाशी ठेवायचो आणि ते ठेंगण्या अंगाने त्या धिप्पाड माणसांच्या काखेखालून सटकायचे. शेवटची खेळी आली तेव्हा बरोबरी होती आणि रेघ समोर दिसत होती. साडू कानाशी येऊन म्हणाले, "आता चेंडू देऊ नका. दिल्यासारखं करा. मी पळतो."

"अहो, पण ती रेघ ओलांडायचं स्वप्न तुमचं! तुमची बायको बघतेय, मुलगी बघतेय."

त्यांनी एकवार तिकडे पाहिलं. "सगळ्यांचा डोळा माझ्यावर आहे, साडू. तेवढं वापरून घ्या."

मी रिकामा हात त्यांच्या पोटाशी नेला, चेंडू मांडीमागे लपवला. साडू असे वाकून, असे जिवाच्या आकांताने सुटले, की अख्खं ड्रिलिंग डिपार्टमेंट त्यांच्यामागे धावलं. पट्टी ओढणाऱ्याच्या अंगावर ते धडपडले, वाळूत लोळले आणि दोन्ही हात आकाशाकडे पसरून ओरडले, "खलास, हबीबी! खलास!" हात रिकामे होते. मी पलीकडच्या बाजूने जवळजवळ चालतच रेघेपार गेलो होतो. मैदान नुसतं दणाणलं. मेव्हणी चपला हातात घेऊन धावत आली आणि वाळूने माखलेल्या नवऱ्याला तिने चारचौघांत मिठी मारली.

गाडीत त्यांच्या मुलीने विचारलं, "बट बाबा, यू डिडन्ट इव्हन हॅव द बॉल!"

"मग ते सगळे माझ्यामागे का आले?" साडू म्हणाले, आणि घर येईपर्यंत हसत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना मस्कतला चांगली नोकरी लागली. थंडीत पुन्हा सामना झाला. माझा नवा रनिंग बॅक तरुण, उंच, साडूंपेक्षा कितीतरी वेगवान होता. पहिल्याच खेळीत मी मागे आलो, न बघता हात पुढे केला आणि चेंडू वाळूत पडला. मी तो बुटक्या माणसाच्या पोटाच्या उंचीला ठेवला होता.